खालच्या पट्टीतला सायलेन्सर

प्रिय टिटवे,

आधी बातमी सांगून टाकते: तुझे बाबा बरे आहेत. खांद्याचं हाड जुळत आलंय, बरगड्या फक्त खोकताना आणि हसताना दुखतात, आणि हसायचे प्रसंग सध्या बेताचेच असल्यामुळे तेही निभतंय. डावा हात गळ्यात बांधलेला असला तरी उजव्या हाताने सगळ्यांना कामं सांगणं चालूच आहे. आता उरलेलं पत्र जरा शांतपणे वाच. आवडलं नाही की घडी घालून खणात टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे. ती माझ्याकडूनच उचलली आहेस, म्हणून सांगते.

हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर मी तुझ्याशी बोलू शकत नाही, आणि तू तर कितीतरी महिने बोललीच नाहीस. बाबांच्या मोबाइलवर दोन मिनिटं बोलून ठेवून देतेस, मला फोन द्या असं म्हणत नाहीस. अपघात झाला तेव्हाही तू आली नाहीस, जावईबापू एकटेच आले. मला वाटत होतं, तू अजून गाडीच्या त्या आवाजावरून रुसून बसली आहेस. खरं सांगते, मनातून मला तुझा राग यायचा. किती ताणायचं माणसाने, सायलेन्सरवरून कोणी आई-बापाशी अबोला धरतं का? आता मला कळलंय की कारण ते नव्हतंच. तिथवर मी येणार आहे, पण एकदम तिथेच जायला माझा धीर होत नाही. आधी गाडीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं तुला पटायचं नाही.

चौकातलं आपलं दुकान तुला आठवतं ते बहुधा गल्ल्यामागच्या बाकावर बसून अभ्यास करतानाचं. पण तू त्याआधीही तिथेच वाढलीस. फुटक्या सायलेन्सरचा ट्रक दारात धडधडत असला तरी तू पाळण्यात ढिम्म झोपायचीस, आणि इंजिन बंद झालं की असल्या चिरक्या आवाजात किंचाळून उठायचीस की गिऱ्हाईक दचकायचं. तेव्हापासून बाबांनी तुला टिटवी करून टाकलं. पाइप कापणं, वाकवणं, जोडणं हे सगळं त्यांचं. बिघाडाचं निदान माझं. गाडी दारात थांबायच्या आत मी आतून ओरडून सांगायची, मधला डबा गेलाय, नाहीतर डबा ठीक आहे, वरचा जोड सुटलाय. आणि शेवटची तपासणी तर माझ्याशिवाय व्हायचीच नाही. नवा पाइप बसला की बाबा इंजिन सुरू ठेवून मागच्या तोंडात ओल्या चिंध्यांचा बोळा दाबून धरायचे. धुराची वाट अडवली की तो फट शोधायला लागतो, आणि जिथे सापडेल तिथून बारीक फुसफुसतो. मी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावायची आणि दुसरं जोडाजोडावरून फिरवायची. केसाएवढी फट असली तरी मला ऐकू यायची. मी मान डोलावली की गाडी बाहेर, मी ‘थांबा’ म्हटलं की बाबा पुन्हा गाडीखाली, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आमची एक रीत होती. मी एकदा ठीक म्हटलेल्या जोडावर बाबा नंतर हात फिरवून बघायचे नाहीत. कधीच नाही. लोकांच्या बायकांना नवऱ्याने दागिने केले, मला हा मान दिला, आणि मी तो मिरवलाही भरपूर.

आपली दोन सीटची गाडीही अशीच सायलेन्सरपायी आली. तिचा मालक पाइप बदलायला म्हणून ती सोडून गेला, तो न्यायला आलाच नाही. बाबांनी निरोप पाठवला, तर उलट निरोप आला की ठेवून घ्या, तेवढीच माझ्या घरातली कटकट मिटेल. तेव्हाच ती जुनी होती, रंग उडालेला, छपराचं कापड उंदरांनी खाल्लेलं. बाबांनी तिला माणसात आणली. लांबलचक नाक, बुटकी काच, आणि बसलं की जमिनीला हात लागेल इतकी खाली. पहिल्यांदा बसले तेव्हा मी विचारलं होतं, ही गाडी आहे की बाथटब? तू लहान होतीस तोवर माझ्या मांडीवर मावायचीस. मग मावेनाशी झालीस, आणि सुट्टीच्या दिवशी फेरीला कोणी जायचं यावर आपल्या दोघींची भांडणं सुरू झाली. बहुतेक वेळा तूच जायचीस. मी घरी थांबायची, पण मला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही, कारण परत येताना तुम्ही पाण्याच्या टाकीजवळ वळलात की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तिथून घरापर्यंत येईस्तोवर मी हात पुसून फाटक उघडून उभी असायची. त्या वर्षांत बाबांना कधी हॉर्न वाजवावा लागला नाही, की फाटक उघडायला उतरावं लागलं नाही. समोरच्या मास्तरीणबाई मला चिडवायच्या, नवरा येतोय की नवरदेव?

तर टिटवे, माझे कान गेले. एकदम नाही गेले, चोरपावलांनी गेले. आधी किटलीची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग चिमण्या. मला वाटायचं चिमण्या कमी झाल्या आहेत. बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणे आणि जाड आवाज मागे राहतात. त्यामुळे बाबा जवळ बसून बोलले की मला बरंचसं कळायचं, आणि तुझं बोलणं काहीच कळायचं नाही. तुझाच आवाज सगळ्यांत आधी गेला. हे मी कोणालाही सांगितलं नाही. कानावर जिचं दुकान चाललं, तिने कुठल्या तोंडाने सांगायचं की मला ऐकू येत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकत राहिले. ओठांकडे बघायला शिकले. कोणी हसलं की हसायचं, कोणी उसासा टाकला की आपणही टाकायचा. फोन आला की मध्येमध्ये ‘हं, हं’ करायचं, आणि समोरचा थांबला की साठवणीतलं एखादं वाक्य काढून द्यायचं. तुला सांगते, माणसं इतकी स्वतःच्या बोलण्यात गर्क असतात की कोणाच्या काही लक्षातही येत नाही. मास्तरीणबाई तर म्हणाल्या, हल्ली तुम्ही किती मन लावून ऐकता! हे त्यांनी मला कागदावर लिहून दिलं नव्हतं, पण ओठांवरून मी एवढं नक्की वाचलं, आणि त्या दिवशी मला स्वतःचंच फार हसू आलं.

दुकान दुसऱ्याच्या हाती दिल्यावर बाबा घरच्या शेडमध्ये रमले होते. गाडी पुसायची, तेल बघायचं, फेरी मारायची. मग एक दिवस त्यांनी तिचा सायलेन्सर उतरवला. चांगला होता, काही झालेलं नव्हतं. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, सुधारणा करतोय. इंजिनाला चिकटलेला बिडाचा जुना ठोकळा काढून त्याजागी चार वेगवेगळ्या लांब नळ्या बसवल्या, त्या चारही खाली एकत्र येऊन एक होतात तशा. मग मागचा सगळा पाइप बदलून जाड स्टेनलेस स्टीलचा केला. वाळू ठासून भरायची, तापवायचा, आणि हळूहळू वाकवायचा, म्हणजे वळणावर चपटा होत नाही. या वयात ती मेहनत बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. मग मधला डबा काढून टाकला. मग मागे एक लांबोडका, ढेरपोट्या डबा स्वतः घडवून बसवला. एवढीशी गाडी आणि तिला ट्रकाचा घसा! नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हणालेही. दरवेळी नवं काही बसवलं की ते गाडी सुरू करायचे, बाहेर यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, आता कसा वाटतो? मी म्हणायची, छान. ते थोडा वेळ तसेच बघत राहायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जॅक लावलेला. मला कळेना, छान म्हटलं तरी या माणसाचं समाधान का होत नाही.

गल्लीला मात्र सगळं कळत होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन दुकानाच्या मागच्या खोलीत हलवली. मास्तरीणबाई तावातावाने येऊन बोलून गेल्या, मी मान डोलावून त्यांना चहा पाजला. तुझ्या बाबांचं तर ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, आणि मला बापडीला जनाचंही ऐकू येत नव्हतं. गाडी सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची आणि खिळ्यांचा डबा फळीवरून सरकायचा, त्यावरून मी आवाजाचा अंदाज बांधायची. माझा समज असा झाला की म्हाताऱ्याला उतारवयात मिरवायची हौस आली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या गप्प केल्या, आता स्वतःची बोंबलायला लावून सूड उगवतोय. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय?

त्यातच तू आलीस. त्या दिवसांत तुला पेट्रोलचा वाससुद्धा सहन होत नव्हता, आणि बाबांना नेमकी गाडी दाखवायची घाई. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि तू दोन्ही हात कानांवर ठेवून शेडमधून बाहेर धावलीस. मग अंगणात तुमचं जे भांडण झालं त्यातलं मला फक्त तुझ्या हातवाऱ्यांवरून कळलं. तू म्हणालीस म्हणे, बाबा, या वयात शोभतं का हे, लोक हसतात तुम्हाला, आणि आईचा तरी विचार करा, दिवसभर तिच्या कानांवर काय अत्याचार चाललाय! हे मला आता बाबांनी सांगितलं. मी तेव्हा चहाची किटली घेऊन दारात उभी होते आणि दोघांकडे बघून मंद हसत होते. तू माझ्याकडे वळून काहीतरी विचारलंस. मी आणखी हसले. तुझा चेहरा पडलेला मला दिसला. तू ठरल्याच्या आधी निघालीस. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, पण त्यांनी तुला खरं कारण सांगितलं नाही आणि मलाही नाही.

पुढे थंडी पडली. एका दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि एकाएकी छातीत, पोटात, कुठेतरी खोल, एक घुमणं जाणवलं. आणि मग ते ऐकू आलं! खरोखर ऐकू आलं. लांबून, पाण्याच्या टाकीकडून, खालच्या पट्टीतला, जाड, भरलेला आवाज. मला कळलंच नाही मी फडकं कुठे टाकलं. धावत जाऊन फाटक उघडलं. बाबा वळणावरून आले आणि मला तिथे बघून त्यांनी गाडी रस्त्याच्या मधोमधच थांबवली. त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. तू जन्मलीस तेव्हा असा झाला होता. मी म्हटलं, काय झालं, आत घ्या की गाडी! त्यांनी डोळे पुसले, आणि म्हणाले धूळ गेली.

दोनच दिवसांनी त्यांनी चार नळ्यांच्या खालचा जोड पुन्हा उघडून नवा घातला, आणि कितीतरी वर्षांनी मला शेडमधून हाक मारली. हाक म्हणजे हात केला. हातात ती रबरी नळी होती. म्हणाले, ये, एकदा कान लाव. त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. पण फाटकापाशी धावत गेल्याचा आनंद माझ्या अंगात अजून होता गं. मला वाटलं, आलेत की काय परत कान! ते मागे बोळा दाबून बसले, मी खाली वाकून नळी कानाला लावली आणि जोडावरून फिरवली. काहीही ऐकू आलं नाही. फट असती तरी आलं नसतं आणि नसती तरी नसतं, हे मला नळी लावताक्षणी कळलं. बाबा गाडीच्या मागून मान वाकडी करून माझ्याकडे बघत होते, दुकानात बघायचे तसेच. मी मान डोलावली.

जोडात फट होती, बरोबर ड्रायव्हरच्या पायांखाली. दुसऱ्या दिवशी थंडी म्हणून त्यांनी छप्पर चढवलं, काचा लावल्या आणि लांबची फेरी मारायला निघाले. त्या धुरातला जो विषारी वायू असतो त्याला वास नसतो, हे आपल्या घरात कुत्र्या-मांजरालाही माहीत आहे. डोकं जड झालं, डोळे मिटायला लागले, आणि गाडी रस्ता सोडून कोणाच्या तरी कुंपणाच्या भिंतीवर गेली. वेग नव्हता म्हणून वाचले. त्या घरातली माणसं धावत आली, दार उघडलं, मोकळी हवा मिळाली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं अंतर गेले असते तर सांगता येत नाही.

दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही हो. बरेच दिवस येत नाही. त्यांनी मला जवळ वाकायला लावलं आणि माझ्या डाव्या कानाशी बोलले, कारण तो बरा आहे हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, माहीत आहे मला. किटली शिट्टी मारत सुकून जायची आणि तू शेजारी पेपर वाचत असायचीस. फाटक तर कधीचंच बंद मिळायला लागलं. तुझ्या पाठीमागे मी एकदा पाना टाकून बघितला, तू वळली नाहीस. मोठा हातोडा टाकला, तेव्हा वळलीस. मग म्हटलं, जे उरलंय त्यात बसेल असा आवाज करायचा. मोठा करून भागायचं नाही, खाली उतरवायला हवा. जाड पाइप, लांब डबा. त्यासाठी चाललं होतं ते सगळं, टिटवे. गल्लीच्या शिव्या खाल्ल्या, तुझं बोलणं ऐकून घेतलं, ते मी एकदा फाटकापर्यंत यावं म्हणून.

मी विचारलं, मग माहीत होतं तर मला नळी कशाला दिलीत? आणि दिलीत तर दिलीत, माझ्यानंतर स्वतः एकदा बघायचं नाही का? तर म्हणाले, तू फाटकाशी आलीस, मला वाटलं थोडंफार येत असेल. आणि तुझ्यामागून मी हात फिरवला असता तर तुला कळलं असतं की मला कळलंय. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की त्यांच्या बऱ्या खांद्यावर डोकं टेकून मी वेड्यासारखी रडले. आयुष्यभर कमावलेला मान जपायला मी त्यांचा जीव पणाला लावला, आणि त्यांनीही तो लावू दिला. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना सांभाळून घेता घेता एकमेकांना मारायला निघालो होतो.

आता माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. कानाच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, बारीकसारीक आवाज काढून दाखवले, आणि हे फार आधी करायला हवं होतं म्हणून गोड शब्दांत रागावल्या. पहिले काही दिवस घर म्हणजे कारखाना वाटलं. पेपरचं पान उलटलं की दचकायची. स्वतःच्या चपलांचा आवाज येऊन मागे वळून बघायची. आणि तुझ्या बाबांचं घोरणं! हे ठाऊक असतं तर आणखी थोडे दिवस बहिरी राहिले असते. चिमण्या आहेत. कमी झालेल्या नाहीत.

गाडी ओढून घरी आणली आहे. नाक चेपलंय, एक दिवा फुटलाय, इंजिन धड आहे. परवा बाबांनी शेजाऱ्याच्या मुलाकडून किल्ली फिरवून घेतली आणि ती सुरू झाली. तेव्हा पहिल्यांदा मी तो आवाज पूर्ण ऐकला, आणि कानांवर हात ठेवून ओरडले, अहो, बंद करा ते, काय हा कर्कश प्रकार, लाज कशी वाटत नाही गल्लीची! इंजिन बंद झालं. बाबा भिंतीला टेकून हसायला लागले, बरगड्या धरून, दुखतंय दुखतंय म्हणत. म्हणाले, ही तक्रार तू कधी करशील याची मी वाट बघून थकलो होतो. दुकानातला कारागीर येऊन जुना सायलेन्सर परत बसवणार आहे. जोड मी तपासणार आहे, पण साबणाचं पाणी लावून. बुडबुडे बघायला कान लागत नाहीत. बाबा आता चालवतील असं वाटत नाही. खांदा वर जात नाही, आणि गाडीबद्दल बोलताना ते ‘होती’ असं म्हणायला लागले आहेत. एवढं झाल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं, पण यंत्रात फोनचा आवाज अजून फुटका येतो, आणि मुख्य जे आहे ते अजून लिहायचंच राहिलंय.

ते लिहिते. दवाखान्यात जावईबापू आले तेव्हा मी त्यांना आनंदाने विचारलं, सातवा महिना सरत आला ना, म्हणूनच नाही आली ना ती, प्रवास नकोच आता. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग बाबांकडे वळून काहीतरी बोलले. बाबांचा चेहरा बदलला, आणि त्यांनी मला जवळ ओढून कानात सांगितलं. टिटवे, आम्हाला माहीत नव्हतं. दोघांनाही नाही. तू एका दुपारी फोन केला होतास तो मला आठवतो. तू पुष्कळ बोललीस, मग पुष्कळ वेळ थांबलीस. मला वाटलं तुझं बोलून झालं, आणि मी म्हणाले, बरं झालं बाई, जेवलीस का? तुझं बाळ गेलं हे तू मला सांगत होतीस, आणि मी तुला असं म्हणाले. तू फोन ठेवलास, मला वाटलं रेंज गेली. त्यानंतर बाबांनीही कधी विषय काढला नाही, कारण त्यांना काय माहीत? बाळंतपणाचं बोलणं आपल्या दोघींचं, असं ते धरून चालले. आणि तू तिथे एकटी समजत राहिलीस की या घराला काही वाटलंच नाही. माझ्या या सोंगाने तुझ्या बाबांचं हाड मोडलं, ते जुळतंय. तुझं मी काय केलं ते मला कळतंय आणि त्याला साबणाचं पाणी लावून उपयोग नाही. मला माफ कर असं नुसतं लिहून टाकावं तर तेही मला स्वस्त वाटतं. तू ये. रागावून ये, भांडायला ये, पण ये. नाहीतर नुसतं ‘ये’ म्हण, मी येते. माझ्या डाव्या बाजूला बस आणि ते सगळं पुन्हा सांग, पहिल्यापासून, जेवढा वेळ लागेल तेवढा घे. घाईने आटपू नकोस, थांबलीस तर मी मध्ये बोलणार नाही. मुलगा होता की मुलगी, हे मी अजून जावईबापूंना विचारलेलं नाही, आणि बाबांनाही विचारू दिलेलं नाही. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझीच,
आई